मावशी जिथं भाकरी खायच्या

डुकरांच्या शेडात फरशीवर बसून भाकरी खाणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. माझ्याच शेडात, विण्याच्या कप्प्यात, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून. मांडीवर फडकं, फडक्यावर ज्वारीची भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी. घास तोंडात घोळवत त्या मान सावकाश इकडून तिकडं फिरवायच्या. घाई अजिबात नाही. दारात उभा असलेला माझा गडी तोंड वाकडं करायचा. भाकरी संपली की मावशी उठायच्या, साडीवरून मागं हात फिरवायच्या आणि तो हात उजेडात धरून बघायच्या. हाताला काही लागलेलं नसलं की म्हणायच्या, "आना पेशंट."

पेशंट म्हणजे दिवस भरलेली डुकरीण.

त्या काही माझ्या नात्यातल्या मावशी नव्हेत. सरकारी दवाखान्यात वॉर्डात झाडलोट करणाऱ्या, बाळंतिणीची उस्तवार करणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, तशा मावशी. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत काढली. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा मी चपला घालून त्या खोलीकडं धावलो होतो. दारात त्यांनी खराटा आडवा धरला. मी मोठ्यानं बोललो. मला मोठ्यानंच बोलता येतं. त्या म्हणाल्या, "नातेवाइकांनी भायेर थांबायचं." आणि दार लावून घेतलं. तेव्हा आला तो राग माझ्या मनात कितीतरी वर्षं होता. पण फिनाईलनं पुसलेली ती फरशीही मनात होती. दाराच्या फटीतून दिसलेली, आरशासारखी.

मी भूमच्या बाजारात वाढलेला माणूस. बोकडांच्या दलालीपासून सुरुवात केली. ज्यांना हा बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. हजार की शंभर, ते जनावराकडं बघून दोघांना कळतं. भोवतीच्या लोकांना नुसता रुमाल हलताना दिसतो. त्या रुमालाखाली मी भल्याभल्यांना खाली आणलं आहे. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी कधी घेतला नाही, हे मी अभिमानानं सांगत असे.

पुढं परंड्याच्या रस्त्याला माळरान घेतलं आणि पांढऱ्या डुकरांचं शेड टाकलं. भाऊबंद हसले. हसू दे म्हटलं. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. पिल्लं व्हायची दहा-अकरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण लागायची, अंग गळून जायचं आणि सकाळी कोपऱ्यात दोन-तीन थंड पडलेली दिसायची. जनावरांचे डॉक्टर चार वेळा येऊन गेले. पाचव्या वेळी म्हणाले, "आता औषध बदलून उपयोग नाही. तुमच्या फरशीत जंतू मुरलेत. आधीच्या वेताची घाण पुढच्या वेताच्या पोटात जातीय. धुणारं माणूस बदला."

आम्ही रोज पाणी मारतो, असं मी तावातावानं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी मारणं वेगळं आणि धुणं वेगळं."

मला ती फरशी आठवली.

मावशी निवृत्त होऊन मुलाकडं राहत होत्या. मुलाला माझं बोलणं आवडलं नाही. आईनं दवाखान्यात काम केलंय, डुकरांत नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मावशी ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होत्या. मुलीच्या वेळचं त्यांना काही आठवत नव्हतं. माझ्यासारखे हजार नातेवाईक त्यांनी बाहेर काढले असतील. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हैन्याला किती बाळंतपणं व्हत्यात?" मी पाच-सहा म्हणालो. त्यांनी दोन्ही हात पुढं करून मुलाला दाखवले. "बग, घरात बसून वाळून चाललेत." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर.

आल्या त्या एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत किल्लीचं गजराचं घड्याळ, खडू, पांढऱ्या गॉजच्या पट्ट्या आणि भाकरीचं फडकं. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचा पाइप गड्याच्या हातातून काढून घेतला आणि गुंडाळून खुंटीला टांगला. "आधी कोरडं, मग वलं." ही त्यांची पहिली ओवी म्हणा. अगोदर सगळं शेण फावड्यानं आणि खराट्यानं कोरडंच काढायचं. मग पाणी शिंपडून भिजत ठेवायचं. मग धुण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासायचं, कोपरे, गजांचे सांधे, नळीचं टोक, सगळं. मग धुवायचं. मग वाळू द्यायचं. आणि तेव्हा कुठं औषध. गडी इतके दिवस शेणावरच औषध ओतत होता, कारण वासानं त्याला बरं वाटायचं. त्याला त्या म्हणाल्या, "घाणीवर औषध वतलं की घाण औषध पिती. जंतूला थेंब बी पोचत न्हाय."

आमच्याकडं पाण्याचा टँकर येतो. त्यामुळं ही बाई आपल्याला बुडवणार, असं मला वाटलं होतं. पण कोरडं आधी काढल्यावर पाणी पहिल्यापेक्षा कमी लागायला लागलं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

औषध मारलं की घड्याळाला गजर लावायचा आणि गजर होईपर्यंत कप्प्यात कुणीही पाय ठेवायचा नाही. मग दारावर खडूनं तारीख आणि वेळ. धुतलेल्या फरशीवर त्या ओंजळभर पाणी सोडायच्या. पाणी पसरलं तर ठीक. थेंब होऊन उभं राहिलं तर अजून चिकटा आहे, परत घासा. गॉजची पट्टी गजावरून फिरवून माझ्या नाकासमोर धरायच्या. दारात पाय बुडवायचं टाकं होतं. त्यातलं औषध रोज बदलायचं आणि त्याआधी बूट घासायचे, हे त्यांनी मलाही लावलं. मी चिडलो की माझा मालकपणा जायचा. "नातेवाइकांनी भायेर थांबायचं." गडी हसू दाबायला तोंड फिरवायचा.

एकदा मी एक चलाखी केली. डब्यातलं औषध सांगितल्यापेक्षा निम्मंच पाण्यात घालायला गड्याला बजावलं. कुणाला कळणार? पंधरा दिवसांनी मावशींनी डबा हलवून बघितला. "लई दिस पुरला," म्हणाल्या. एवढंच. मग तयार करून ठेवलेली सगळी बादली उचलून माझ्या नव्या बुटांवर ओतली. गड्यानं घाबरून दुसऱ्या वेळी दुप्पट घातलं, तर तीही बादली ओतली. "पिल्लाची कातडी हाय ती, संडास न्हाय."

एका व्यापाऱ्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिथं मावशी चुकल्या असं माझं आजही मत आहे. लांबचं मोठं गिऱ्हाईक. सकाळपासून तीन ठिकाणची डुकरं बघून माझ्याकडं आला. तो आत निघाला तर मावशी खराटा आडवा घेऊन दारात. गाडी फाटकाबाहेर ठेवा, बूट बदला, हात धुवा. तो म्हणाला, मी माल घ्यायला आलोय, ऑपरेशनला नाही. त्या म्हणाल्या, "तीन घरचं घेऊन आलाय पायाला. माझ्या बाळंतिणी हाईत आत." तो गाडीत बसून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

आमचं खरं भांडण असायचं ते रिकाम्या दिवसांवरून. धुऊन, औषध मारून, वाळलेला कप्पा सात दिवस तसाच रिकामा ठेवायचा, असा त्यांचा कायदा. डॉक्टरांनाही तो पटत होता. ऊन-वारा लागून फरशी पार कोरडी होते, उरलेसुरले जंतू मरतात. मला मात्र रिकामा कप्पा बघवत नसे. एकदा गड्यासमोर वाद नको म्हणून मी सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला. तीन बोटं दाबली. त्या क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. लहानपणी बापाबरोबर त्यांनी बाजार बघितला होता. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला आणि वर दोन बोटं. मी चार दाबली. त्यांनी पंजा आणि दोन. मी पाच. त्यांनी पंजा आणि दोन. घासून खरखरीत झालेला, सोड्याचा वास येणारा हात. सौद्यात समोरचा थोडा तरी हलतो, ही रीत आहे. त्या हलायच्याच नाहीत. पुढं प्रत्येक वेळी आम्ही रुमाल टाकायचो आणि प्रत्येक वेळी मी हरायचो. खरं सांगायचं, तर मला त्याची गोडी लागली होती. त्या वर्षात पिल्लं मरणं जवळपास थांबलं होतं, हेही सांगायला हवं.

मग तो उन्हाळा आला. टँकर दोन दिवस उशिरा आला, धुणं दोन दिवस मागं पडलं आणि तीन माद्यांचे दिवस भरले. मावशी म्हणाल्या, बाहेरच्या पत्र्याखाली गोणपाटाचे पडदे बांधू, तिथं बाळंत करू, पण कप्प्याचे सात दिवस मोडायचे नाहीत. मला ती यातायात नको होती. सिमेंटचे कप्पे बांधून ठेवायचे आणि माद्या गोणपाटात, हे कुठलं शहाणपण? मी रुमाल टाकला. चार बोटं दाबली. त्यांनी पंजा आणि दोन दाबली. मी पुन्हा चार दाबली, जोरात. त्यांनी पुन्हा तेच. मी रुमाल ओढून काढला आणि म्हणालो, "शेड माझं आहे, मावशी."

त्यांनी हात मागं घेतला. "व्हय. तुमचंच हाय," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी माद्या आत आणायच्या होत्या. मावशी आत गेल्या, मोरीजवळ फरशीला उलटा हात लावला. मग भाकरीचं फडकं तसंच काखेत धरून बाहेर आल्या आणि बाभळीखाली बसून जेवल्या. मी ते बघितलं. त्याचा अर्थही मला कळला. तरी गड्याला म्हणालो, आण माद्या.

पिल्लं झाली ती चांगली होती. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. डॉक्टर आले. मरणाऱ्या पिल्लांचा आवाज मोठा नसतो, बारीक असतो. तो मला सहन होईना. मी डॉक्टरांसमोर, गड्यासमोर मावशींकडं बोट केलं. "कप्पे हिनं धुतलेत. विचारा हिला." अहो-जाहो सुटून 'हिनं' म्हणालो, ते मला बोलतानाच कळलं. पण तोंड थांबलं नाही. आणखी बरंच बोललो. किती दिवसांनी माद्या आत घेतल्या, ते मी सांगितलं नाही. गडी जमिनीकडं बघत राहिला.

मावशी एका पिल्लाला फडक्यात गुंडाळून चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जरा गरम पाणी आना."

तीन दिवस त्या चमचा घेऊन बसून होत्या. निम्म्याहून जास्त पिल्लं गेली. जगली ती त्यांच्या चमच्यावर जगली. ती मोठी होऊन आईपासून तोडल्यावर त्यांनी तिन्ही कप्पे धुतले, औषध मारलं, सात दिवस थांबल्या. मी रुमाल टाकला नाही. सातव्या दिवशी आत बसून भाकरी खाल्ली, हात उजेडात बघितला, "आना पेशंट" म्हणाल्या, फडकं झटकलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. नंतरही नाहीत. घड्याळ खिळ्यालाच राहिलं.

मी बोलवायला गेलो नाही. माझं म्हणणं असं होतं, की त्यांनी बोलायला हवं होतं. चार दिवसांत माद्या कुणी घेतल्या, एवढं एक वाक्य. मी आणखी ओरडलो असतो, त्यांनी खराटा आपटला असता आणि मिटलं असतं. सौद्यात माणूस उठून जातो तेही उत्तर देऊन जातो. त्यांनी मला उत्तरच दिलं नाही. हा राग मी दीड वर्ष जपला. एवढ्या काळात कप्पे मात्र सात दिवस रिकामे ठेवत होतो. गड्याला वाटायचं, मालक सुधारले. मला वाटायचं, मावशींवाचून अडत नाही हे दाखवायला एवढं पुरे. पण अडत होतं. सगळं त्यांच्यासारखं करूनही अधूनमधून एखाद्या वेताला हगवण लागायचीच. कुठंतरी काहीतरी राहत होतं. काय ते आम्हाला सापडेना.

एके दिवशी घड्याळ बंद पडलं. किल्ली फिरवली, हलवून बघितलं. शेवटी फडक्यात बांधून त्यांच्या घरी गेलो. निमित्त बरं होतं.

मावशी ओट्यावरच होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. गुडघे गेलेले. मी घड्याळ पुढं ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि बाजूला ठेवलं. "चार नंबरची पेशंट कशी हाय?" बरी आहे, दोन वेळा व्याली, म्हणालो. मुलगा आतून चहा ठेवून गेला. मी कपाकडं बघत विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाही?"

कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"बाळंतपणाच्या खोलीभायेर नातेवाईक वरडत्यातच," त्या म्हणाल्या. "आपुन त्यांच्यावर वरडायचं नसतंय. त्यांचं कायतरी गेलेलं असतंय."

मी चहा प्यायलो. मग खांद्यावरचा रुमाल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. हात मऊ पडला होता, वाळलेला. मी त्यांचा पंजा दाबला आणि वर दोन बोटं.

त्यांना हसू आलं. त्यांनी माझा पंजा दाबला. मग एक बोट, दोन, तीन, चार. थांबल्या.

"आता घासायला म्या न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा गडी वरवर घासनार. नऊ."

मी रुमाल उचलला नाही. नुसता त्यांचा हात धरून म्हणालो, "नऊ." माझ्या हातून समोरच्याचा भाव घासाघीस न करता घेतला गेला, तो त्या एकाच वेळी.

मी उठताना त्यांनी विचारलं, "आत भाकर कोन खातं आता?" कुणी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मग तुमी खावा की."

मी हो म्हणालो, पण मनातून नाही. डुकरं विकून घर बांधलं तरी त्यांच्या फरशीवर बसायचं, हे मला कधी जमलं नव्हतं. पहिल्या वेळी दारातच उभ्यानं खाल्ली. दुसऱ्या वेळी पोतं टाकून बसलो आणि दोन घासांत उठलो. तिसऱ्या वेळी, नवव्या दिवशी, पोतं बाहेर फेकलं आणि भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसलो. फरशी कोरडी, उन्हानं कोमट झालेली. गडी दारात होता. मी घास तोंडात घोळवला आणि उगाच मान फिरवली, आधी इकडं, मग तिकडं.

समोर लोखंडी गव्हाण होती. उभ्या माणसाला ती वरून लख्ख दिसते. खाली बसलं की तिच्या काठाची आतली, दुमडलेली बाजू डोळ्यासमोर येते. पिल्लाचं तोंड जिथं पोचतं बरोबर तिथं. त्या दुमडीत जुन्या खाद्याचा आणि शेणाचा काळा थर होता, बोटभर जाड. पाण्याच्या नळीखालीही तसाच.

अर्धी भाकरी फडक्यात बांधली. गड्याला म्हणालो, गव्हाण उलटी कर, सोडा भिजव, आधी कोरडं काढ. तो म्हणाला, मालक, आज नववा दिवस आहे, मादी दारात उभी आहे.

मी पत्र्याखाली गोणपाटाचे पडदे बांधायला सांगितलं. मग दारावरची तारीख हातानं पुसली आणि खडू घेऊन आजची लिहिली.